दोन दिवसांचे पथ्य : आतड्याची दुर्बीण तपासणी आणि मधुमेहाची औषधे

(मालवण परिसरातील ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या आरोग्यविषयक भाषणाचे शब्दांकन.)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल. शौचाच्या तक्रारी, आतड्याची तपासणी, त्यासाठी घ्यायचे जुलाबाचे औषध या गोष्टी आपल्याकडे दबक्या आवाजात बोलल्या जातात, किंवा मुळीच बोलल्या जात नाहीत. याच संकोचापायी कितीतरी माणसे शौचावाटे रक्त जात असताना वर्ष वर्षभर 'मूळव्याध असेल' म्हणून घरगुती उपाय करीत बसतात. आपल्या पूर्वजांना मात्र या विषयाचे वावडे नव्हते. सुश्रुतसंहितेत शरीराच्या आतील मार्ग पाहण्यासाठी पोकळ नळीसारख्या नाडीयंत्रांचे वर्णन आहे आणि मूळव्याध पाहण्यासाठी व तिच्यावर उपचार करण्यासाठी खास अर्शोयंत्रही सांगितले आहे. प्रमेहाचे तर वीस प्रकार आपल्या वैद्यकाने वर्णिले आणि मधुमेह हा त्यांतलाच एक मानला. आज मी ज्या दोन गोष्टींची सांगड घालणार आहे, त्या दोन्हींची दखल या भूमीतील वैद्यकाने फार पूर्वी घेतली होती. तेव्हा संकोच बाजूला ठेवून आपण मोकळेपणाने बोलू या.

विषय असा आहे. घरातील एखाद्या मधुमेही व्यक्तीला डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घ्यायला सांगितली. तपासणीच्या आधी पोट पूर्ण रिकामे करायचे असते. एक-दोन दिवस जेवण जवळजवळ बंद. मग त्या दिवसांत साखरेच्या गोळ्यांचे काय करायचे? इन्सुलिन घ्यायचे की नाही? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर चुकले, तर तपासणीच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वीच रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

ही तपासणी कशासाठी?

लवचिक दुर्बीण आत सरकवून संपूर्ण मोठे आतडे पाहायचे आणि त्याच बैठकीत आतील कोंब काढून टाकायचे, ही किमया १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन शल्यविशारदांनी साधली. या कोंबांना पॉलिप म्हणतात. आतड्याचा कर्करोग बहुधा अशा एखाद्या छोट्या पॉलिपपासून सुरू होतो आणि त्याला वाढायला अनेक वर्षे लागतात. पॉलिप वेळेत काढला, तर पुढचा कर्करोग टळतो. तपासणी करता करता रोगाचे मूळच उपटता येते, असे योग वैद्यकशास्त्रात थोडे आहेत.

मधुमेही व्यक्तींना या तपासणीचे महत्त्व अधिक आहे. प्रकार दोनचा मधुमेह असणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे जास्त आढळते. आणि मधुमेह आपल्यापासून दूर नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. तेरेखोलच्या पलीकडचे जेवण आणि राहणी आपल्याहून फार निराळी नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह, रक्तदाब, तसेच तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी चाचणी केली जाते. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्या यादीत नाही. म्हणून येथे तक्रार ओळखून डॉक्टरांकडे जाण्याची जबाबदारी आपल्यावर येते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची सवय अचानक बदलणे, कारणाविना वजन उतरणे, रक्तातील लोह कमी होत जाणे, यांपैकी काहीही असेल तर विलंब नको.

तराजूची दोन पारडी

मधुमेहाच्या उपचाराकडे तराजू म्हणून पाहा. एका पारड्यात अन्न, दुसऱ्या पारड्यात औषध. रोज आपण जेवतो म्हणून रोजची मात्रा योग्य ठरते. उद्या अन्नाचे पारडे रिकामे केले आणि औषधाचे तसेच भरलेले ठेवले, तर तराजू एका बाजूला कलंडणारच. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

आपल्याकडे उपवासाची सवय आहे, मग यात नवे ते काय, असे कोणी म्हणेल. पण आपला उपवास 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या थाटाचा असतो. साबुदाणा, वरी, रताळे, केळी यांची त्यात रेलचेल. तपासणीपूर्वीचा उपवास खराखुरा असतो, आणि त्यावर जुलाबाच्या औषधाची भर पडते. शरीरातील पाणी आणि क्षारही कमी होऊ शकतात.

याउलट दुसरी चूकही घडते. 'जेवायचेच नाही तर औषध कशाला?' असे म्हणून काही जण सगळी औषधे एकदम बंद करतात. ज्यांचे शरीर स्वतः इन्सुलिन तयारच करीत नाही, त्यांच्या बाबतीत हे प्राणघातक ठरू शकते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. जेवण नसले तरी शरीराला पायाभूत इन्सुलिन लागतेच, हा धडा शंभर वर्षांनंतरही तसाच लागू आहे.

आपल्या स्वयंपाकघरातील पथ्य

तपासणीच्या दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी असलेला आहार घ्यायचा असतो. येथे एक उलटी गोष्ट लक्षात घ्यावी. एरवी मधुमेही माणसाला आम्ही नाचणीची भाकरी, कुळीथ, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी खायला सांगतो. या दोन-तीन दिवसांत मात्र तेच टाळायचे आहे. त्यातील कोंडा, साले आणि बिया आतड्याच्या घड्यांत अडकून बसतात आणि दुर्बिणीतून दिसायचे ते झाकले जाते. म्हणून नाचणी, कुळथाची पिठी, लाल उकड्या तांदळाचा भात, काजू, फणस, पेरू, काकडी, टोमॅटो, तीळ बंद. आणि मालवणी माणसाला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे ओल्या खोबऱ्याचे वाटणही बंद. खोबऱ्याचा चोथा सहजी निघत नाही.

मग खायचे काय? पांढऱ्या तांदळाचा मऊ भात, तांदळाचे घावणे, साधे ताक, अंडे, आणि पापलेटासारखा साधा शिजवलेला किंवा वाफवलेला मासा. वाटण नसलेले, मसाला बेताचा. आपल्या किनाऱ्यावर हे पथ्य मुळीच अवघड नाही. मात्र पांढऱ्या भाताने साखर थोडी वर जाते, म्हणून मात्रा बेताची असावी.

तपासणीच्या आदल्या दिवशी सामान्यतः फक्त पारदर्शक द्रव पदार्थ चालतात. पेला उजेडात धरला असता पलीकडचे दिसले पाहिजे, ही सोपी कसोटी. पेजेची वरची गाळलेली निवळ, शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूसरबत, कोरा चहा, पाणी चालते. दूध, ताक आणि सोलकढी चालत नाही. सोलकढीत नारळाचा रस असतो, आणि शिवाय ती रंगाने लाल. कोकम सरबतही त्या दिवशी नको. लाल-जांभळा रंग आतड्यात उरला, तर तो रक्तासारखा भासतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होते. बीट आणि कलिंगड यांनाही हाच नियम. ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली आहे, त्यांनी शहाळे पिण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

आता महत्त्वाचा मुद्दा. एरवी साखरेला दूर ठेवणाऱ्या मधुमेही माणसाने या एका दिवशी साखर घातलेले पेयही घ्यायचे असते. बिनसाखरेचा चहा आणि नुसते पाणी यांवर दिवस काढला, तर साखर उतरणारच. जेवणाच्या वेळी आणि अधूनमधून लिंबूसरबतात थोडी साखर घालून घ्यावी. वर्षानुवर्षे साखर चुकवणाऱ्या आपल्या आजोबांना हे पटवणे सोपे नसते. पण त्या दिवशी ती साखर औषधाच्या जागी आहे, हे घरच्यांनी त्यांना समजावून सांगावे.

पोट साफ करण्यासाठी बहुधा पॉलीएथिलीन ग्लायकॉल आणि क्षार असलेली भुकटी पाण्यात विरघळवून पितात. शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल ती फारसा बिघडवत नाही. सोडियम फॉस्फेटची औषधे मात्र मूत्रपिंडाला इजा करू शकतात. दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्रपिंड आधीच नाजूक झालेले असू शकते, म्हणून अशा रुग्णांत ती टाळतात. औषधाचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि उरलेला तपासणीच्या चार ते सहा तास आधी घेतला, तर पोट अधिक चांगले साफ होते. मधुमेहात जठर आणि आतड्याची गती मंदावलेली असू शकते. त्यामुळे बद्धकोष्ठ असेल तर ते आधीच सांगावे. तयारीत थोडी वाढ करावी लागते.

गोळ्यांचे पाकीट वाचायला शिका

आता औषधांकडे वळू. पुढे मी सांगतो ते सर्वसाधारण धोरण आहे. आपली मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची आणि ती कागदावर लिहून घ्यायची. पण डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, हे कळण्यासाठी औषधांचे गट ओळखता आले पाहिजेत.

आपल्याकडे 'मी साखरेची एक गोळी घेतो' असे सांगणाऱ्याच्या त्या एका गोळीत दोन किंवा तीन औषधे असतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत त्यांची नावे असतात. चष्मा लावून ती नावे वाचा, किंवा घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्या, आणि पाकीटच डॉक्टरांसमोर ठेवा.

पहिला गट ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड यांचा. ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, मग माणूस जेवलेला असो वा नसो. साखर उतरण्याचा मोठा धोका यांच्यापासून असतो. म्हणून फक्त द्रव पदार्थांचा दिवस आणि तपासणीची सकाळ यांत ही औषधे सहसा थांबवली जातात.

दुसरे औषध मेटफॉर्मिन. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. तरीही शरीरातील पाणी कमी झाले आणि मूत्रपिंडावर ताण आला, तर अडचण होऊ शकते. म्हणून तपासणीच्या सकाळी, आणि अनेक ठिकाणी आदल्या दिवशीही, ते थांबवायला सांगतात.

तिसरा गट सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांचा. हा गट तुलनेने निरुपद्रवी. तपासणीच्या सकाळची गोळी बहुधा जेवण सुरू झाल्यावर घ्यायला सांगतात.

चौथा गट नीट लक्षात ठेवा. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांनाही त्यांचा लाभ होतो, आणि स्वस्त पर्याय बाजारात आल्यापासून त्यांचा वापर आपल्याकडे खूप वाढला आहे. मात्र उपाशी पोटी आणि शरीरात पाणी कमी असताना या गोळ्यांमुळे रक्तात आम्ल साठू शकते. त्याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. फसवणूक अशी की, त्या वेळी साखरेचा आकडा जवळजवळ सामान्य दिसू शकतो. घरचे आकडा पाहून निर्धास्त राहतात आणि इकडे रुग्णाला मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप आणि कमालीचा थकवा सुरू होतो. जुलाबाच्या औषधाने असे होत असेल, असा समजही सहज होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी या गोळ्या किमान तीन दिवस, आणि त्यांपैकी एर्टुग्लिफ्लोझिन किमान चार दिवस, थांबवण्याची सूचना दिली. आतड्याच्या तपासणीपूर्वीही अनेक डॉक्टर हाच दंडक पाळतात. म्हणजे आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही. तपासणीची तारीख ठरते त्याच दिवशी विचारायला हवे. ज्यांना हे औषध हृदयविकारासाठी दिले आहे, त्यांनी ते आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच थांबवावे.

पाचवा गट आठवड्यातून एकदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनांचा, म्हणजे सेमाग्लुटाईड, टिर्झेपेटाईड इत्यादींचा. सेमाग्लुटाईडची रोज घ्यायची गोळीही आहे. या औषधांमुळे जठर उशिरा रिकामे होते. गुंगीच्या औषधाखाली असताना पोटातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. २०२३ मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचे इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवायला सांगितले होते. २०२४ मध्ये अनेक तज्ज्ञ संस्थांनी एकत्र येऊन, बहुतेक रुग्णांत औषध चालू ठेवता येते, धोका अधिक असलेल्यांत आदले चोवीस तास द्रव आहार ठेवावा, असा सुधारित विचार मांडला. निर्णय भूलतज्ज्ञ घेतील. आपण हे औषध घेत असल्याचे सांगायला विसरू नये.

सहावे औषध व्होग्लिबोज किंवा अकार्बोज. आपल्याकडील अनेक मिश्र गोळ्यांत व्होग्लिबोज असते. हे औषध आतड्यात साखरेचे विघटन लांबवते. त्यामुळे त्याच्या प्रभावाखाली असताना रक्तातील साखर उतरली, तर आपली घरची साखर लवकर उपयोगी पडत नाही. तेथे थेट ग्लुकोजची भुकटीच लागते. जुलाबाच्या औषधाच्या शेजारी ग्लुकोजचा डबा ठेवावा, असे मी सर्वांनाच सांगतो, ते यासाठी.

इन्सुलिन : कमी करायचे, सोडायचे नाही

इन्सुलिनचे स्थूलमानाने तीन प्रकार. जेवणाआधी घ्यायचे जलद इन्सुलिन जेवणासाठी असते. जेवण नाही तर त्याची नेहमीची मात्राही नाही. दिवसातून एकदा घ्यायचे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन पायाभूत गरज भागवते. ते सहसा चालू ठेवून मात्रा कमी करतात. आपल्या भागात सर्वाधिक वापरात असलेला प्रकार म्हणजे तीस-सत्तरचे मिश्र इन्सुलिन. त्यात दोन्ही एकत्र असल्यामुळे द्रव आहाराच्या दिवशी ते बहुधा निम्म्याच्या आसपास आणतात. नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. प्रकार एकच्या मधुमेहात पायाभूत इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नाही.

इतर औषधांबाबतही विचारून ठेवावे. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी शौच काळे आणि चिकट होते. रक्त पातळ करणारी औषधे आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. पॉलिप काढताना रक्तस्राव आणि औषध थांबवल्यास गुठळी होण्याचा धोका, या दोन्हींचा विचार डॉक्टरांनीच करायचा असतो. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी घ्यायची का, हेही आवर्जून विचारावे.

साखर उतरली तर

या दोन दिवसांत ग्लुकोमीटर हाताशी हवा. द्रव आहाराच्या दिवशी दर तीन-चार तासांनी, झोपताना, पहाटे आणि निघण्यापूर्वी साखर तपासावी. घाम, थरथर, छातीत धडधड, डोके हलके होणे, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे असे काही दिसले तर ताबडतोब तपासावी.

आकडा ७० च्या खाली असेल, तर तीन लहान चमचे ग्लुकोज अर्धा पेला पाण्यात घालून प्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजूनही कमी असेल तर तेवढेच पुन्हा. 'तपासणी रद्द होईल' या भीतीने कोणी साखर उतरूनही उपाशी बसू नये. तपासणीपूर्वी तोंडाने काही घेऊ नका, अशी सूचना असलेल्या शेवटच्या दोन-चार तासांत असे घडले तरीही उपचार करायचे आणि रुग्णालयात पोहोचताच ते सांगायचे. रुग्णालयात असाल, तर परिचारिकेला तत्काळ सांगावे. शिरेतून ग्लुकोज देता येते. माणूस ग्लानीत असेल, गिळू शकत नसेल, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

त्या दोन दिवसांत एखादा आकडा दोनशेच्या आसपास गेला, तर घाबरण्याचे कारण नाही. थोडी वाढलेली साखर एका दिवसात अपाय करीत नाही. फार उतरलेली साखर मात्र अर्ध्या तासात करते. सतत तीनशेच्या वर आकडा, किंवा उलट्या आणि धाप असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांशी बोलावे.

अंतराचा विचार

ही सगळी सूत्रे शहरातल्या पुस्तकांत लिहिलेली असतात. आपला प्रश्न त्यापुढचा आहे, आणि तो अंतराचा आहे. ओरोस येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे आणि जिल्ह्यातील सोयी वाढत आहेत. तरीही आपल्यातील अनेकांना तपासणीसाठी बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जावे लागते.

समजा, देवबागमधील सत्तरीच्या एका गृहस्थांची बांबोळीला सकाळी नऊ वाजता तपासणी आहे. जुलाबाच्या औषधाचा दुसरा भाग त्यांना पहाटे चारच्या सुमारास घ्यावा लागेल, आणि सहाच्या आत घर सोडावे लागेल. म्हणजे औषधाचा जोर ऐन भरात असताना दोन-तीन तासांचा प्रवास, वाटेत शौचालयाची पंचाईत, आणि पोट रिकामे. अशा वेळी पुष्कळ जण दुसरा भाग घेतच नाहीत. मग पोट साफ झालेले नसते, तपासणी अपुरी राहते आणि सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. मधुमेही माणसाच्या वाट्याला हा उपवास दोनदा येतो.

यावर उपाय म्हणजे आदल्या दुपारीच तेथे पोहोचावे. म्हापशाला, पणजीला, कोल्हापूरला आपले कोणी ना कोणी नातलग असते. नसेल तर रुग्णालयाजवळ खोली घ्यावी. मधुमेही रुग्णाने सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, म्हणजे उपाशी राहण्याचा काळ कमी होतो. 'मी मधुमेही आहे' एवढे सांगितले, तर बहुतेक ठिकाणी ही विनंती मानली जाते. त्या दोन दिवसांत रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. परतीच्या प्रवासात तर नाहीच, कारण गुंगीच्या औषधाचा अंमल दिवसभर राहतो. सोबत एक समजदार माणूस हवाच. त्याच्या पिशवीत ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकोज, औषधांची पाकिटे, मात्रा लिहिलेला कागद आणि तपासणी झाल्यावर खाण्यासाठी काही हलके असावे.

तपासणीनंतर

तपासणी झाल्यावर पुष्कळ जण एक घाई करतात. सुटलो एकदाचे, म्हणून सकाळची राहिलेली गोळी आणि इन्सुलिन एकदम घेऊन टाकतात. तसे करू नये. आधी खाऊन पाहावे, अन्न पोटात टिकते याची खात्री करावी, आणि मग त्या जेवणाच्या वेळची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. राहिलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट औषध कधीही घेऊ नये. 'ग्लिफ्लोझिन' गटातील गोळी तर नेहमीसारखे खाणेपिणे सुरू झाल्याशिवाय सुरू करू नये. पॉलिप काढला असेल, तर पुढील काही दिवस रक्तस्राव, ताप किंवा तीव्र पोटदुखी यांवर लक्ष ठेवावे.

घराची जबाबदारी

शेवटचा मुद्दा कुटुंबाचा. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत आज दोनच वृद्ध माणसे राहतात. मुले मुंबई-पुण्याला. गणपतीत चाकरमानी येतो, आई-वडिलांची प्रकृती पाहतो, आणि 'येताय का मुंबईला, तपासून घेऊ' असे म्हणतो. ही भावना मोलाची आहे. पण परत निघण्याच्या आदल्या दिवशी घाईने उरकण्याची ही तपासणी नव्हे. किमान दहा दिवस आधी औषधांची यादी करावी. आठवडाभर आधी डॉक्टरांकडून प्रत्येक औषधासमोर 'चालू', 'बंद' किंवा 'कमी' असे लिहून घ्यावे. हा कागद मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून स्वयंपाकघरात लावावा. जो मुलगा वा मुलगी येऊ शकत नाही, त्यांनी त्या रात्री दर तीन-चार तासांनी दूरध्वनी करून आकडा विचारावा. आणि शेजारधर्म तर आपल्या वाडीचा प्राणच आहे. शेजारच्या घरी मधुमेही आजी एकटी असेल, तर त्या एका रात्री तिच्या ओसरीवर झोपायला जाणे ही मोठी सेवा आहे. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. साखर उतरली तर काय करायचे, एवढे ठाऊक असले की पुरे.

ज्यांची तपासणी ठरली आहे, त्यांनी मधुमेहाच्या भीतीने ती टाळू नये. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी तपासणीच्या नावाखाली औषधांशी खेळू नये. दोन दिवसांचे पथ्य, एक लिहिलेला कागद, ग्लुकोजचा एक डबा आणि जागे राहणारे एक माणूस, एवढ्या तयारीने ही तपासणी सुखरूप पार पडते. आज घरी गेल्यावर निदान एक काम करा. आपल्या औषधांची पाकिटे काढून त्यांवरची नावे वाचा.